पकडीची मऊ मूठ : पी. व्ही. सी. पारखावे कसे?

मंडळी, तुमच्या घरी एखादी पक्कड असेलच. कपाटात असेल, मोटारीच्या खोपीत असेल, नाही तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या खणात असेल. ती जरा हातात घ्या आणि मग पुढे वाचा. तिच्या लोखंडी दांड्यांवर लाल, निळे किंवा काळे मऊ आवरण चढवलेले दिसेल. त्यावर बोट फिरवा. कुठे सांधा लागतो का? शिवण लागते का? नाही ना? दांड्याच्या टोकाशी मात्र कधी कधी लहानसा फुगवटा लागतो. पाऊस थांबल्यावर पागोळीच्या टोकाला थेंब लोंबून राहावा, अगदी तसा. हा थेंबच त्या आवरणाची जन्मकथा सांगतो.

आज आपण ह्या मऊ आवरणाविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण ह्याच आवरणावर भलता भरवसा ठेवून माणूस विजेच्या झटक्याला बळी पडू शकतो, आणि ह्याच जातीच्या हातमोज्यावर भलत्या वेळी विसंबले तर अंगात विष भिनू शकते. म्हणून ही वस्तू आहे तरी काय, ती कुठे कामाला येते आणि कुठे दगा देते, हे समजून घेणे बरे.

ह्या पदार्थाचे पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड. सोयीसाठी सगळे पी. व्ही. सी. म्हणतात. तुमच्या शेतातला करड्या रंगाचा कडक पाइप तोच आणि पकडीची मऊ मूठही तोच. शंभर किलो शुद्ध पी. व्ही. सी. घेतले, तर त्यात सुमारे 57 किलो क्लोरीन असतो. हा क्लोरीन येतो कुठून? आपल्या साध्या मिठापासून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की तो सुटा होतो. उरलेला भाग बहुतेक ठिकाणी खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून मिळवतात. म्हणजे मिठागर आणि तेलविहीर ह्यांचे हे लेकरू म्हणायला हरकत नाही.

पण हे लेकरू जन्मतः ताठर असते. पाइपासाठी ताठरपणा चांगला. मुठीसाठी काय कामाचा? हा ताठरपणा घालवण्याची युक्ती एका अमेरिकन रसायनज्ञाला भलत्याच शोधात सापडली. त्याचे नाव वाल्डो सेमन. 1926 साली गुडरिच ह्या रबराच्या कंपनीत काम करीत असता, धातूला रबर चिकटवील असा पदार्थ तो शोधत होता. त्यासाठी त्याने पी. व्ही. सी. एका दाट द्रवात घालून खूप तापवले. चिकटवायला उपयोगी पडेल असे काही हाती लागले नाही. हाती लागला तो रबरासारखा लवचिक पदार्थ! मऊ पी. व्ही. सी. चा धंदा जगात वाढला तो तिथून पुढे.

ह्या द्रवाला कारखान्यात प्लॅस्टिसायझर म्हणतात. आपण त्याला ‘मऊ करणारे तेल’ म्हणू. त्याचे काम समजायला स्वयंपाकघरात चला. पुरीची कणीक घट्ट भिजवतात, पुरणपोळीची सैल. गहू एकच, पाण्याचे प्रमाण वेगळे. इथेही तसेच. शंभर भाग पी. व्ही. सी. च्या पिठात साठएक भाग तेल घातले, की पकडीच्या मुठीला शोभेल असा घट्ट मऊपणा येतो. तेच तेल शंभर भागांपर्यंत नेले, की माल खोडरबराच्या जवळपास जातो. हा मऊपणा मोजायला ‘शोअर’ नावाचे मापक असते. त्याची सुई मालावर टेकवून दाबायची. जितकी कमी रुतेल तितका आकडा मोठा. मऊ मालासाठी ‘शोअर ए’ ही पट्टी वापरतात. हाताच्या मुठी सहसा 60 ते 80 च्या घरात असतात. मोटारीच्या टायरचे रबरही साधारण त्याच घरातले, म्हणजे अंदाज येईल.

आता हे पीठ आणि तेल दांड्यावर चढते कसे? पीठ फार बारीक असते. त्याचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरतात. ते तेलात कालवले की रबडीसारखा दाट द्रव तयार होतो. ह्याला प्लास्टिसॉल म्हणतात. गार असताना तो नुसता द्रवच. उष्णता लागली की मात्र त्याचे रूप पालटते. पिठाचे कण तेल पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि आणखी तापवले की सगळे एकजीव होते.

धिरडे घालताना तुम्ही काय पाहता? पीठ गार, तवा तापलेला. पीठ तव्याला टेकले की तव्याजवळचा थर आधी आळतो, मग वरचा. इथे फरक एवढाच, की तव्यावर पीठ ओतण्याऐवजी तापलेला तवाच पिठात बुडवतात! दांडा किंवा अॅल्युमिनियमचा साचा भट्टीत चांगला तापवायचा आणि गार रबडीत बुडवून काही क्षण धरायचा. त्याच्या अंगाभोवती थर आळत जातो. लोखंड जितके गरम, जितके जाड, आणि जितका वेळ बुडवून ठेवावे, तितका थर जाड. मग ते सावकाश वर काढायचे. घाई केली तर ओघळ येतात. टोकाशी उरतो तोच आपला तो थेंब! त्यानंतर पुन्हा भट्टीत घालून थर पुरता भाजायचा. माल स्वतः साधारण 170 ते 190 अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. शेवटी पाण्यात निववायचा. साच्यावरून वस्तू काढून घ्यायची असेल, तर ती कोमट असतानाच सोलून काढतात, मोजा उलटा काढावा तशी. कारखान्याच्या बोलीत ह्या साऱ्या कामाला ‘डिपिंग’ म्हणतात.

ह्या रीतीने पकडीच्या मुठी होतात, सायकलच्या हँडलाच्या मुठी होतात, बॅटरीच्या खुंट्यांवरची टोपणे होतात, पाइपाच्या तोंडावर बसवायच्या टोप्या होतात, आणि हातमोजेही होतात. साचा स्वस्त पडतो, म्हणून लहान कारखानदारालाही हे काम झेपते. पण इथेच निष्काळजीपणाही शिरतो. भाजणे कमी पडले तर आवरण दिसायला छान, पण ओढले की खव्यासारखे तुटते. भाजणे जास्त झाले तर ते पिवळे-तपकिरी पडते, कारण आतला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने सुटू लागतो. तो सुटू नये म्हणून रबडीत थोडे स्थैर्य देणारे क्षार घालतात. पूर्वी त्यांत शिसे आणि कॅडमियमही असे. ही विषारी द्रव्ये टाळून कॅल्शियम आणि जस्त ह्यांचे क्षार घालणे चांगले. रबडी साठवली तरी हळूहळू तेल पिऊन घट्ट होत जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. म्हणून तिचे पिंप सावलीत, गार जागी ठेवावे. आणि कालवताना शिरलेली हवा काढून टाकली नाही, तर आवरणात सुईच्या अग्राएवढी छिद्रे राहतात. ही छिद्रे लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. कणकेतले पाणी पोळी भाजताना उडून जाते. पी. व्ही. सी. मधले तेल मात्र आतच राहते. पण ते पी. व्ही. सी. शी जोडले गेलेले नसते, नुसते त्याच्या साखळ्यांमध्ये शिरून बसलेले असते. ते भाडेकरू आहे, घरमालक नव्हे! बरी जागा मिळाली की ते निघाले. गुरुजींनी हे पुष्कळदा पाहिले असेल. मुलाच्या कंपासपेटीत मऊ खोडरबर आणि पारदर्शक, कडक प्लॅस्टिकची पट्टी महिनोन्महिने एकमेकांना लागून राहिली, तर पट्टीवर खोडरबराचा खोल ठसा उमटतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. मूल म्हणते, ‘गुरुजी, रबराने पट्टी खाल्ली!’ मुलाचे फारसे चुकत नाही. असली खोडरबरे बहुधा मऊ पी. व्ही. सी. चीच असतात. त्यातले तेल पट्टीत शिरते आणि तिला विरघळवते. भज्यांचे तेल कागदात उतरावे, तसलाच हा प्रकार.

एवढे एक कळले, की निवडीचे अर्धे काम झाले. मऊ पी. व्ही. सी. ‘चांगले की वाईट’ असे विचारण्यात अर्थ नाही. वस्तू घेताना, किंवा लहान उद्योग काढून ती करवून घेताना, पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ह्याला काय लागणार आहे? पाणी, मिठाचे पाणी, पातळ आम्ल, खते, साबण ह्यांना मऊ पी. व्ही. सी. चांगले तोंड देते. म्हणून बॅटरीच्या खुंटीवर त्याचे टोपण शोभते. पण पेट्रोल, रॉकेल, रंगाचा थिनर असल्या द्रवांपुढे त्याचे चालत नाही. ते आतले तेल ओढून घेतात. वस्तू आधी फुगते, आणि वाळल्यावर कडक होऊन तडकते. स्वयंपाकाचे तेल-तूपही हे तेल ओढते. म्हणून तेलाच्या बरणीला कुठले तरी मऊ प्लॅस्टिकचे टोपण बसवू नये.

दुसरा प्रश्न : ऊष्मा किती? रोजच्या वापरासाठी 60-70 अंशांपर्यंत साधा माल ठीक. इंजिनाच्या धुराड्याजवळ तो नको. जास्त उष्णतेत राहणाऱ्या मालासाठी ट्रायमेलिटेट जातीचे तेल घालतात. ते सहजी उडून जात नाही, पण महाग पडते. उलट, हिमालयातल्या थंडीत साधा माल काचेसारखा तडकू शकतो. तिथे अॅडिपेट जातीचे तेल घालतात.

तिसरा प्रश्न : ऊन लागणार का? शेतातली वस्तू वर्षभर उन्हात राहते. उन्हातले अतिनील किरण मालाला खातात, रंग उडवतात, पृष्ठभाग चिरतात. काजळीने काळा केलेला माल उन्हात जास्त टिकतो. लाल रंग दुकानात उठून दिसतो, काळा रंग बांधावर टिकतो!

चौथा प्रश्न : कुणाच्या तोंडात जाणार? ‘डी. ओ. पी.’ म्हणून ओळखले जाणारे थॅलेट जातीचे तेल वर्षानुवर्षे सर्रास वापरले गेले. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचे प्रजननाच्या इंद्रियांवर दुष्परिणाम दिसले. लहान मुले खेळणी तोंडात घालतात, म्हणून युरोपात 1999 पासून खेळण्यांतल्या अशा तेलांवर बंधने येत गेली. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंतील डी. ओ. पी. ला शेकडा 0.1 ची मर्यादा घातली. आपल्या देशात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह बंधनकारक झाले. तेव्हा जत्रेतले बिनचिन्हाचे, उग्र वासाचे, हाताला तेलकट लागणारे खेळणे बाळाच्या हाती देऊ नका. कारखानदारांसाठी टेरेफ्थॅलेट जातीची थॅलेटरहित तेले आता मिळतात. आणि शेतकऱ्याला ऐकून बरे वाटावे अशी एक गोष्ट : सोयाबीनच्या तेलावर रासायनिक क्रिया करून केलेले एक तेलही ह्या रबडीत थोड्या प्रमाणात घालतात. ते मऊपणाही देते आणि भाजताना मालही सांभाळते.

पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा : ह्यावर जिवाची भिस्त आहे का? आता हाती धरलेल्या त्या पकडीकडे पुन्हा पाहा. पी. व्ही. सी. मधून वीज सहजी वाहत नाही, हे खरे. तारांवर त्याचेच वेष्टन असते. म्हणून पुष्कळ जण समजतात, की मूठ मऊ आहे म्हणजे चालू तार धरायला हरकत नाही. पंपाच्या पेटीत तिन्ही फेजांमध्ये 415 व्होल्टांच्या आसपास दाब असतो. पायाखाली चिखल, हात ओले. आणि मुठीत कुठे तरी सुईच्या अग्राएवढे ते छिद्र, किंवा वापरून झिजलेली एखादी कड. मंडळी, जीव जायला तेवढे पुरते! साधी मूठ ही हाताला आराम मिळावा, पकड निसटू नये म्हणून असते. विजेपासून रक्षणासाठी ती कुणी तपासलेली नसते.

विजेच्या कामाची अवजारे वेगळी. गंमत अशी, की त्यांतली काही ह्याच पी. व्ही. सी. त, असेच बुडवून केलेली असतात. फरक आहे तो थरांत आणि तपासणीत. एकावर एक थर देतात, पुष्कळदा आतला आणि बाहेरचा थर वेगळ्या रंगाचा ठेवतात. बाहेरचा झिजून आतला रंग दिसला, की अवजार बाद. आंतरराष्ट्रीय मानक 60900 प्रमाणे असे अवजार 10,000 व्होल्टांच्या दाबाने तपासलेले असते आणि त्यावर जोड-त्रिकोणाची खूण आणि 1000 व्होल्टांचा आकडा छापलेला असतो. तुमच्या पकडीवर हे आहे का ते पाहा. आणि असले तरी पहिला नियम तोच : आधी मेन स्विच बंद, मग हात.

दुसरी गोष्ट हातमोज्यांची. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. कारणे अनेक होती. नुसत्या हातमोज्यांनी सारे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण विष कातडीतूनही अंगात शिरते, हे त्या वर्षाने सगळ्यांना पटवून दिले. म्हणून हातमोजे हवेतच. मात्र कोणते?

औषधाच्या बाटलीवर नावापुढे दोन अक्षरे असतात, ती वाचा. ‘ई. सी.’ असे लिहिले असेल तर औषध बहुधा रॉकेलाच्या जातकुळीतल्या द्रावकात विरघळवलेले असते. आणि असले द्रावक मऊ पी. व्ही. सी. मधून वाट काढतात, हे आपण आताच पाहिले. मोजा फाटलेला दिसत नाही, ओलही जाणवत नाही, पण औषध आत पोचलेले असते. अशा औषधांसाठी सहसा जाड नायट्राइल रबराचे हातमोजे बरे. पाण्यात कालवायची भुकटी किंवा पाण्यावर बेतलेले औषध असेल, तर छिद्र नसलेले पी. व्ही. सी. चे जाड मोजे चालतात. शेवटचा शब्द मात्र बाटलीवरच्या सूचनेचा. बाटलीतले मूळ औषध मापून ओतताना धोका सर्वांत मोठा; तेव्हा तर मोजा हवाच हवा. आतून सुती अस्तराचा मोजा घेऊ नका. एकदा औषध आत गेले, की ते अस्तर ते कातडीशी धरून ठेवते. काम झाल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा. कडक झालेला, फुगलेला, चिरलेला मोजा टाकून द्या. दहा-वीस रुपयांसाठी त्याचा मोह नको.

गुरुजनहो, वर्गात करण्यासारखे दोन सोपे प्रयोग सांगतो. पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा आणि पकडीच्या मुठीसारख्या मऊ पी. व्ही. सी. चा तुकडा पाण्यात बुडवून बुडबुडे झटकून सोडा. पहिला तरंगतो, दुसरा बुडतो, कारण पी. व्ही. सी. पाण्याहून जड आहे. दुसरा प्रयोग सबुरीचा. मऊ खोडरबर स्वच्छ कडक प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीवर ठेवा, वर एक वीट ठेवा आणि महिनाभर हलवू नका. दर आठवड्याला मुलांना निरीक्षण लिहायला लावा. भाडेकरू घर सोडून जातो, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल.

एक प्रयोग मात्र करू नका, आणि घरीही करू देऊ नका : पी. व्ही. सी. जाळणे. जुन्या तारा जाळून तांबे काढण्याची खोड गावोगाव आहे. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, ती नाका-घशाला पोळते. आणि डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्येही त्यात तयार होतात. मिठातून आलेला तो क्लोरीन असा सूड उगवतो. तारेचे वेष्टन सोलून काढा, पण जाळू नका.

तर मंडळी, पकड आता जागेवर ठेवायला हरकत नाही. मात्र ठेवण्यापूर्वी तिच्या मुठीवर जोड-त्रिकोणाची खूण शोधा. सापडली नाही, तर घरातल्या पोराबाळांना आजच सांगून ठेवा : ही मूठ हाताला फोड येऊ नये म्हणून आहे, वीज अडवायला नाही.